मागचा स्वे बार किती जाड घ्यावा?

प्रश्न (सोलापूर):
नमस्कार. माझी दोन दारांची स्पोर्ट्स कार पुढच्या चाकांवर चालते. तुळजापूरला जाताना घाटातल्या वळणांत ती बरीच झुकते आणि स्टेअरिंग पुरेसे वळवूनही पुढची चाके बाहेरच्या बाजूला सरकत राहतात. मागचा मूळ स्वे बार (डावे-उजवे चाक जोडून गाडीचे झुकणे रोखणारा आडवा दांडा) १८ मि.मी.चा आहे, बाजारात २० आणि २२ मि.मी.चे भरीव बार मिळतात. कोणता घ्यावा आणि पुढचाही बदलावा का? गाडी रोज शहरातही चालवतो.

उत्तर १:
पुढच्या बारला हात लावू नये. बार कडक केल्याने गाडीचे झुकणे कमी होते, पण वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार जवळजवळ तेवढाच राहतो; त्यातला किती पुढे आणि किती मागे, एवढेच बदलते. पुढचा बार कडक केल्यास आधीच थकलेल्या बाहेरच्या टायरवर आणखी ओझे येईल आणि आतले चाक हलके होऊन जागीच फिरू लागेल. मागचा कडक केला, तर त्या भारातला मोठा वाटा मागची चाके उचलतील. मात्र जाडीचा मोह धरू नये, कारण भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: १८ वरून २० वर गेल्यास सुमारे ५२ टक्के, तर २२ वर गेल्यास थेट सव्वादोन पटींच्या जवळ. मी २० चाच घेईन.

उत्तर २:
२२ चा पोकळ बार मिळत असेल तर तोही पाहावा. भिंत ३ मि.मी.ची असल्यास तो भरीव २२ च्या सुमारे ७२ टक्के कडक असतो, म्हणजे २० च्या भरीव बारपेक्षा किंचितच अधिक, आणि वजन मात्र भरीव २२ च्या निम्म्याहूनही कमी. टोकाला दोन छिद्रे असलेला घ्यावा. बाहेरच्या छिद्रात लिंक (बारला चाकाच्या सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) जोडली की बार मऊ राहतो, आतल्या छिद्रात कडक होतो. पॉलियुरेथेनच्या बुशांना (बार धरून ठेवणाऱ्या लवचीक कड्यांना) सिलिकॉन ग्रीस लावावेच, नाहीतर आपल्याकडच्या धुळीत ते लवकर कुरकुरू लागतात.

उत्तर ३:
आधी जुने बुश, लिंक आणि टायर तपासावेत; बुश झिजलेले असतील तर बारचा परिणाम उशिरा आणि अर्धवट मिळतो. कडक बारमुळे एका चाकाला बसलेला खड्ड्याचा धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो, हे शहरात रोज जाणवेल. पावसात वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर सोडल्यास गाडीची मागची बाजू पूर्वीपेक्षा लवकर सुटेल, म्हणून पहिले काही दिवस मऊ छिद्रावरच चालवावी.