मांजराला बद्धकोष्ठ झालंय, घरच्या घरी काय देता येईल? (मदत हवी आहे)

खिडकीवाली:
आमच्या मांजराला कालपासून शी होत नाहीये. सारखं ट्रेमध्ये जाऊन बसतं, कुंथतं, काहीच न करता बाहेर येतं. रात्रीत दहा-बारा फेऱ्या झाल्या. खाणंही सोडलंय. पोट साफ व्हायला काय देऊ? आज सुट्टी, नेहमीचे डॉक्टर बंद. "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू, ते मलाही कळतं.

आजीचा बटवा:
कोमट दूध पाजा. १४ वर्षं मांजरं पाळतेय, दुधाने मोकळं होतं.

तिरपा:
मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही. जुलाब होतात.

आजीचा बटवा:
मग तेच तर हवंय ना!

बोकेवाला:
थांबा जरा. बोका की भाटी? आणि शू होतेय का?

पावटा:
विषय निघालाच आहे तर विचारतो. मांजराला गोचीड झालेत. कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध चालेल का?

खिडकीवाली:
बोका आहे, ३ वर्षांचा, नसबंदी झालेली. पण त्याचा इथे काय संबंध? शू होत असेलच, मी काही बघत बसले नाही.

बोकेवाला:
संबंध आहे. कुंथतोय म्हणजे शीच अडलीय असं नसतं. बोक्याची मूत्रनलिका टोकाला फार बारीक असते. बारीक खडे किंवा चिकट बुळबुळीत गोळा अडकला की शू तुंबते. ट्रेमधली वाळू उकरून बघा, कालपासूनचे ओले गोळे आहेत का. आमच्या काळ्याच्या वेळी आम्हीही एक अख्खा दिवस बद्धकोष्ठ समजून घालवला होता.

तिरपा:
उगाच घाबरवू नका हो. कोरडं खाणं बंद करा, पाणी वाढवा, सुटेल. माझी भाटी ओल्या खाण्यावर ४ दिवसांत बरी झाली.

बोकेवाला:
भाटीची नलिका आखूड आणि रुंद, ती सहसा तुंबत नाही. ओलं खाणं पुन्हा होऊ नये म्हणून. बंद नळीत वरून पाणी ओतून काय होणार?

आजीचा बटवा:
दुखत असेल तर लहान मुलांचं पॅरासिटामॉल सिरप, पाव चमचा.

बोकेवाला:
नको!! मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल झेपत नाही, एका गोळीनेही मांजर दगावतं. आधी ती पोस्ट काढा.

आजीचा बटवा:
सांगितलं ते चांगल्यासाठीच. काढते.

खिडकीवाली:
वाळू कोरडी ठणठणीत आहे. आत्ता बाथरूमच्या फरशीवर बसला होता, दोन थेंब पडले, गुलाबीसर. पोटात मागच्या पायांच्या पुढे लिंबाएवढं कडक लागतंय. हात लावला की गुरगुरतो.

बोकेवाला:
दाबू नका अजिबात, मूत्राशय फुटू शकतं. सुट्टीच्या दिवशी उघडा असलेला कुठलाही प्राण्यांचा दवाखाना गाठा. फोनवर "बोका, शू बंद" एवढंच सांगा, लगेच घेतील. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयावर येतं, दिवस-दोन दिवसांत जीव जातो. उलटी झाली का?

खिडकीवाली:
सकाळी दोनदा. मला वाटलं केसांचा गोळा. निघते.

तिरपा:
कोरड्या खाण्याबद्दल मी म्हणालो ते चूक नव्हतंच.

खिडकीवाली (रात्री):
भूल देऊन नळी घातली. शू लालभडक, तळाशी वाळूसारखे कण. पोटॅशियम वाढलेलंच होतं. सलाईन चालू आहे, २-३ दिवस तिथेच ठेवणार. आणि शी म्हणाल तर शुद्धीवर आल्या आल्या केली, अगदी व्यवस्थित.

पावटा:
बरं झालं. माझ्या गोचिडांचं कुणी सांगेल का?

बोकेवाला:
कुत्र्याच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराला थरथर सुटते, झटके येतात. नका टाकू.

पावटा:
सकाळीच टाकलंय. कान जरा फडफडतायत.

बोकेवाला:
अहो! भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात मान धुवा आणि पाकीट घेऊन लगेच दवाखान्यात पळा. कुठलं औषध, काय लिहिलंय त्यावर?