छोट्या पेपरात काम केलेल्यांनो, इकडे या (संपादक सोडून!)

६ जानेवारी आला की आमच्या गावच्या ग्रुपवर शाल-श्रीफळाचे फोटो सुरू होतात. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं म्हणून पत्रकार दिन, ते ठीकच आहे. पण फोटोत कायम संपादकच.

आमच्या घरी तालुक्याचं साप्ताहिक होतं, खाली प्रेस आणि वर आम्ही. दरवर्षी मार्चच्या पहिल्या अंकात कायद्याने 'फॉर्म ४' छापावा लागायचा, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, मालक कोण, आणि चारही ठिकाणी बाबांचंच नाव. मला लहानपणी वाटायचं बाबा एकटेच पेपर काढतात. प्रत्यक्षात गुरुवारी रात्री छपाई संपली की घड्या घालायला आई, आत्या, मी, शेजारची दोन पोरं आणि ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईचं मशीन) चालवणारे मामा (सख्खे नाहीत, सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं). आई मैद्याची खळ करायची, तिने पत्त्याच्या पट्ट्या चिकटवायच्या. शुक्रवारीच गठ्ठा पोस्टात गेला पाहिजे, नोंदणी झालेल्या पेपरला टपालाची सवलत असते पण ठरलेला वार चुकला की पोस्टमास्तर तोंड फिरवणार. त्या दिवशी वर्गात माझी नखं काळी. बाई विचारायच्या, हात धुतोस की नाही रे?

तर असे अनुभव लिहा. अग्रलेखवाल्यांचे नकोत, ते स्वतःच लिहितात 🙂

खिळेवाला

धागा वाचून हात शिवशिवले. १९८१ ते ९६ कंपोझिटर होतो, म्हणजे शिशाचे खिळे, एकेका अक्षराचे ठसे, जुळवून मजकूर लावणारा. नववी नापास, प्रेसमध्ये झाडू मारायला लागलो आणि सहा महिन्यांत स्टिक (खिळे जुळवायची पट्टी) हातात आली. खिळा उलटा असतो, त्यामुळे मी आजही आरशातली पाटी सुलट्यापेक्षा लवकर वाचतो, नातवंडांना त्याची फार मजा वाटते. इंग्रजीची केस (खिळ्यांच्या खणांची पेटी) छोटी, आपल्या मराठीची म्हणजे चाळच, काने मात्रा वेलांट्या रफार अर्धी अक्षरं जोडाक्षरं प्रत्येकाचं खण वेगळं. बघायचं नाही, हात आपोआप गेला पाहिजे.

आमच्याकडे 'ष्ठ' चा एकच धड खिळा होता आणि तोही पुढे कोपऱ्यात तुटला. मालक म्हणायचे पुण्याहून मागवू, मागवला कधीच नाही. त्यामुळे आमच्या पेपरात सात-आठ वर्षं तालुक्यातले झाडून सगळे ज्येष्ठ कार्यकर्ते तुटक्या 'ष्ठ'चे. एका पुढाऱ्याने मुद्दाम केलं म्हणून भांडण काढलं होतं! आणि एका अंकात दोन 'ज्येष्ठ' एकाच पानावर आले की दुसऱ्याला 'बुजुर्ग' करायचं, हा निर्णय संपादकाचा नाही, माझा.

छापून झालं की रॉकेलने खिळे पुसून परत आपापल्या खणात टाकायचे. ते काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि त्याचेच पैसे कापायचे, "आज काय जुळवलंस?" म्हणून.

डीटीपीताई

खिळेवाले काका, तुमच्या पोटावर पाय आणणारी पिढी आमची, माफी असावी. १९९९, पान लावायला पेजमेकर आणि मराठी फॉन्टला श्रीलिपी, एक कॉम्प्युटर, एक पंखा, पंखा कॉम्प्युटरकडे.

एक किस्सा सांगते जो आठवून अजून पोटात गोळा येतो. आमचा अंक जिल्ह्याच्या ऑफसेट प्रेसवर छापून यायचा. मी नेहमी बटर पेपरवर प्रिंट काढून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, त्या आठवड्यात आमचा प्रिंटर बिघडला म्हणून फ्लॉपी पाठवली. तेव्हा युनिकोड वगैरे कुठलं, आपला फॉन्ट समोरच्याच्या मशीनवर नसेल तर मराठीच्या जागी एबीसीडीचा कचरा उमटतो. पहिल्या तीन पानांचा फॉन्ट त्यांच्याकडे होता, चौथ्याचा नव्हता. रात्रपाळीचा पोरगा, त्याने विचार केला असेल इंग्रजी पान असेल, छापलं. सकाळी गठ्ठे उतरवले, चौथं पान उघडलं आणि नुसतं कंस, टक्के, स्वल्पविराम, मध्ये एक सुबक चौकट आणि चौकटीत पण तेच.

लोकांना वाटतं बातमी चुकली म्हणजे मोठं. नाही हो, त्या चौकटीत वकिलाची जाहीर नोटीस होती, 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' वाली, हरकतीची मुदत प्रसिद्धीपासून धरतात. छोटा पेपर या नोटिसांवर जगतो, बातम्यांवर नाही. संपादक काही बोलले नाहीत, खुर्चीत बसून राहिले, ते जास्त वाईट. मग जुन्या ट्रेडलवर (भंगारात द्यायचं चाललं होतं!) अर्ध्या पानाची पुरवणी छापली, नोटीस नव्याने जुळवायला घरी बसलेल्या कंपोझिटरला रिक्षाने आणलं. आल्यावर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "वीज गेली तरी माझा खिळा मराठीच राहतो बाई."

खिळेवाला

@डीटीपीताई तो मी नव्हतो पण मीपण हेच म्हणालो असतो 😄

आठ_दिवस_शिळा

मी काम केलेलं नाही, वाचक बाजूने लिहू का? आई कोकणातली, लग्न होऊन वडोदऱ्याला. माहेरच्या तालुक्याचं साप्ताहिक पोस्टाने यायचं, आठ दिवसांनी, कधी दोन अंक एकदम. बातम्या शिळ्या, तरी आई भांडी बाजूला सारून ओट्याशी उभ्यानेच वाचायची. पालखी, बिबट्या, शाळेचा निकाल, कोण गेलं. आणि मग जाहीर नोटिसा, त्याही ओळ न् ओळ. आम्ही चिडवायचो. एकदा वाचता वाचता ती गप्पच झाली. सर्व्हे नंबर ओळखीचा निघाला. चुलत भावाने सामाईक जमीन विकायला काढली होती, आईच्या नावाचा उल्लेखच नाही. मुदतीतले सहा दिवस उरले होते. बाबांनी त्या रात्रीची गाडी पकडली.

डीटीपीताई, तुमच्या पुरवणीचं महत्त्व आमच्या घरात कळतं.

मु_पो_बातमीदार

आमचं वेगळंच हाय. मराठवाड्यात स्ट्रिंगर, म्हणजे बिनपगारी गावबातमीदार, बारा वर्षं. पगार असा नाही, मानधन म्हणून महिन्याला पाचशे, ते पण दिवाळीला एकदम मिळालं तर मिळालं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, दिवाळी आणि साहेबांचा वाढदिवस, हे आमचे पाच सण. म्हणजे ज्या सरपंचाच्या रस्त्याची बातमी लावायची त्याच्याच दारात 'हार्दिक शुभेच्छा' मागायला जायचं, सांगा कशी लावू बातमी.

बरं जाहिरात छापली की वसुली. सरपंच म्हणतो बिल ग्रामपंचायतीच्या नावानं टाका, ग्रामसेवक म्हणतो ठराव कुठंय, ठराव करायला मासिक सभा, सभेला कोरम नाही. तोवर पेपरवाला माझ्या कमिशनमधून कापून मोकळा. एका बिलापायी मी चौदा चकरा मारल्या, पेट्रोल बिलापेक्षा जास्त झालं, शेवटी बायको म्हणली आता सोडा नायतर मीच ठराव घेते.

आणि भीती. ते शहरातल्यांना नाही कळत. २०२३ च्या फेब्रुवारीत राजापूरच्या पत्रकार शशिकांत वारिशेंना गाडीखाली चिरडलं, त्यांनी दिलेली बातमी छापून आली त्याच दिवशी. तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस कुणी काही टाकलंच नाही. राज्यात पत्रकार संरक्षण कायदा २०१७ लाच विधिमंडळात मंजूर झालेला, पण रात्री नऊला फोन येतो "कुठंयस?" म्हणून, तेव्हा कायद्याचं कलम नाही आठवत, गाडीत पेट्रोल किती आहे ते आठवतं.

नेवासकर

थोडं अवांतर. खेड्यातून पेपर काढणं म्हटलं की आमच्या नेवासा तालुक्यातलं तरवडी सांगावंच लागतं. मुकुंदराव पाटलांनी १९१० ला 'दीनमित्र' सुरू केला आणि १९६७ पर्यंत चालवला, सत्यशोधक विचाराचं साप्ताहिक आणि तेही शहरात नाही, खेड्यात बसून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यांच्या विचारांआधी कागदाचंच कोडं पडलं, रिमं आणायची कशी, पावसाळ्यात भिजू द्यायची नाहीत कशी. बैलगाडीत रिम ठेवणाऱ्या माणसाला कुणीतरी विचारायला हवं होतं.

बस_स्टँड_साडेपाच

वितरण विसरलात सगळे! कॉलेजात असताना पहाटे गठ्ठे उतरवायचो. एसटी थांबते दोन मिनिटं, टपावर मी, खाली मित्र. एकदा बस सुटली आणि मी टपावरच, पुढच्या फाट्यापर्यंत गेलो. त्या गावाला त्या दिवशी पेपर जरा जास्तच मिळाले.

बाकी दुसऱ्या दिवशी शिव्या खायला वितरकच. संपादकाने लिहावं, आणि चहाच्या टपरीवर लोकांनी मला विचारावं, "काय रे, आमच्या गणपतीचं नाव नाही आलं?"

धागाकर्ता

मस्त चाललंय, येऊ द्या अजून. @मु_पो_बातमीदार, जपून राहा दादा.

कुणी विचारलंच नाही पण सांगतो. प्रेसच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, ट्रेडल किलोवर गेलं. वर्गणीदारांचं रजिस्टर मात्र मी ठेवलंय, परवा काढून बसलो. बाबांच्या अक्षरात प्रत्येक नावापुढे शेरे. 'बदली, नवा पत्ता मागणे.' 'व्हीपी परत' (म्हणजे पैसे भरून सोडवायचं टपाल न सोडवता परत आलं). 'शिक्षक, दोन वर्षं बाकी, मागू नये.' आणि आईच्या अक्षरात एकच शेरा सापडला, शेवटच्या पानाकडे, एका नावावर रेघ मारून: 'मयत. अंक चालू ठेवणे, बाई वाचतात.'