लाल टिकली, उताणा उंदीर, धूळपाटी: शब्द सुचवा

रामबागकर (इंदूर)

गणपतीत आमच्या गल्लीतल्या मुलांनी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलंय. कुणी पितळी घंगाळ आणणार, कुणी वातीचा स्टोव्ह. मला अख्खं एक टेबल मिळालंय, कारण माझ्याकडे जुने लॅपटॉप अकरा आहेत. घरच्यांच्या मते त्यातले दहा जास्त आहेत. आमच्या इंदुरात ज्याला अटाला म्हणतात (पुण्याकडचं भंगार), त्यातून बरेचसे उचललेले.

चिठ्ठ्या मराठीत लिहायच्यात. यंत्रांची नावं जशीच्या तशी ठेवीन, पण मला दाखवायचंय एवढंच, की वेगळा माउस न जोडता पडद्यावरचा बाण हलवायची सोय कोणी कशी केली. ॲपलच्या १९९२च्या पॉवरबुक १८०मध्ये कळफलकाच्या खाली मधोमध गोळा आहे. डेलच्या लॅटिट्यूडला सपाट पट्टी आहे आणि शिवाय कळांच्या मध्ये निळं बोंडही. थिंकपॅड एक्स ६१ला पट्टीच नाही, फक्त ते प्रसिद्ध लाल बोंड.

ट्रॅकबॉल, टचपॅड, ट्रॅकपॉइंट असं लिहून मोकळा होऊ शकतो. पण ट्रॅकपॉइंट हे आयबीएमनं दिलेलं नाव. तोशिबा त्याच जातीच्या वस्तूला ॲक्युपॉइंट म्हणायची. मग त्या जातीचं नाव काय? आमचा इथला दुकानदार म्हणतो, ‘भिया, दाना घिस गया है.’ दाणा लिहू का?

कोथरूडची

दाणा नको. मला तर शेंगदाणाच दिसतो. शासकीय वळणाचं ‘निर्देशक-कळ’ वगैरेही नको, गणपतीला आलेली मुलं वाचणार नाहीत. खुंटी कशी वाटते?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

खुंटी पिळतात हो. आमच्या घरी तंबोरा आहे, म्हणून सांगतो. हे बोंड पिळलं जात नाही. मग मणी म्हणावं असं वाटलं, तंबोऱ्याचा सूर बारीक जुळवायला तारेवर असतो तो. पण मणी सरकतो, आणि हे सरकतही नसावं ना?

गुंडीचाही विचार करा. आजोबा सदऱ्याच्या बटणांना गुंड्याच म्हणत. हिंदीतली घुंडी तिच्याच जवळची. फक्त इकडे घुंडी म्हटलं की लोकांना रेडिओची फिरवायची आठवते.

फ्लक्स (इंदूर)

लष्करवासी काका, बरोबर ओळखलंत, ते सरकत नाही. मी असे कळफलक उघडतो म्हणून सांगतो. रबरी टोपीखाली एक ताठ दांडी असते आणि तिच्या बुडाशी ताण मोजणाऱ्या पट्ट्या. तुम्ही बोटानं रेटलंत की दांडी जेमतेम, डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते आणि त्या पट्ट्यांचा विद्युत-रोध बदलतो. बोट जागच्या जागी, पडद्यावर मात्र बाण पळतो. हळू रेटलं तर हळू, जोरात रेटलं तर जोरात.

म्हणजे गोळा आणि पट्टी यांच्यात बोट किती अंतर गेलं ते महत्त्वाचं, आणि इथे बोटाचा जोर किती ते. दुकानात नव्या माणसाला हेच समजावताना घाम फुटतो. तो बोंडावर बोट घासत बसतो, पट्टीवर घासतात तसं, आणि म्हणतो बिघडलंय.

रामबागकर

वा! मग नामाआधी क्रियापदंच ठरवावीत. गोळा घोळवायचा, पट्टीवर बोट ओढायचं, बोंड रेटायचं. रेटणे हा तर आपला रोजचा शब्द. गर्दी रेटते, काम रेटून नेतो.

पट्टीबद्दल मात्र ‘ओढणे’ पुरत नाही. बाण टोकाला न्यायचा तर बोट पट्टीच्या कडेपर्यंत न्यायचं, उचलायचं, परत मागे टेकवायचं, पुन्हा न्यायचं. उचललेल्या वेळात बाण हलत नाही. या सगळ्या खटाटोपाला एक क्रियापद हवं.

बडोदेकर

वल्हवणे! वल्हं पाण्यात असतं तेव्हा नाव पुढे जाते, वर उचलून मागे आणतो तेव्हा जात नाही. (म्हणजे जातेच थोडी, पण उपमेला एवढं चालतं.)

आमच्या बडोदा संस्थानानं १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ छापला. त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी अशा अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारी-शेजारी मांडलेत. तुम्हीही चिठ्ठीवर एकाच शब्दाचा हट्ट धरू नका. दोन लिहा, बघणारे कुठला उचलतात ते कळेल.

कोथरूडची

वल्हवणे आवडलं. आणि बोटानंच चालवायची सपाट वस्तू म्हटली तर आपल्याकडे धूळपाटी होतीच की! पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवायची. टचपॅडला पेन्सिल लावली तर ढिम्म, बोटच लागतं.

फ्लक्स

ताई, धूळ हा शब्द माझ्यासमोर काढू नका.

गंमत सोडा. पट्टीखाली विद्युत-वाहक रेघांची जाळी असते, बोट जवळ आलं की तिथली विद्युत-धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बदलते. साधी पेन्सिल किंवा जाड हातमोजा तिला कळत नाही, इथपर्यंत धूळपाटी पटते. पण धूळपाटीवर बोट ठेवाल तिथेच रेघ उमटते. पट्टीवर बोट कुठे ठेवलं याला महत्त्व नाही, कुठून कुठे गेलं त्याला आहे.

कोथरूडची

एवढा काटेकोर निकष लावला तर माउसला उंदीरही म्हणता येणार नाही.

लष्करवासी

गोळ्याला गोटी म्हणा. आमच्याकडची मुलं कंचा म्हणतील, पण चिठ्ठी मराठी आहे.

रामबागकर

गोटी पक्की. ती साफ करायचा सोहळाही तसाच आहे. वरची कडी फिरवून काढायची, गोटी तळहातावर घ्यायची, आतल्या छोट्या रुळांवर जमलेली मळाची वळी काडीनं सोडवायची. जुन्या गोळ्याच्या माउसचं पोट साफ करायचो तेच काम. खरं तर ट्रॅकबॉल म्हणजे उताणा पाडलेला उंदीरच. माउसमध्ये गोळा खाली आणि सगळं धूड फिरतं, इथे धूड जागेवर आणि गोळा वर.

कॉम्पॅकनं एका मॉडेलमध्ये ही गोटी चक्क पडद्याच्या चौकटीत उजवीकडे बसवली होती आणि तिची बटणं झाकणाच्या पाठीमागे. एचपीच्या १९९३च्या ऑम्निबुक ३००मध्ये तर उजव्या कुशीतून दांडीला चिकटलेला छोटा माउस बाहेर यायचा. तो माझ्याकडे नाही. असता तर त्याला ‘बांधलेला उंदीर’ लिहिलं असतं.

आता बोंड.

बडोदेकर

त्याचा उगम सांगा, म्हणजे नाव सुचेल.

रामबागकर

टेड सेल्कर यांची कल्पना. १९८४च्या सुमारास त्यांच्या वाचनात आलं की टंकलेखन करणाऱ्याचा हात कळफलकावरून माउसवर जायला सुमारे पाऊण सेकंद लागतो, परत यायला जवळपास तेवढाच. तो वाचवायचा तर हात हलताच कामा नये. पुढे आयबीएममध्ये जोसेफ रटलेज यांच्यासोबत त्यांनी हे बोंड घडवलं आणि १९९२च्या थिंकपॅड ७००सीमध्ये ते आलं. जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यात. इनस्क्रिप्ट या कळफलक-मांडणीत मराठी टंकताना बघा, उकार, प आणि व यांच्या मधोमध येतं.

रंगाची हकीकतही सांगतात. आयबीएमच्या नियमांत लाल रंग यंत्र तातडीनं बंद करायच्या बटणासाठी राखून ठेवलेला, म्हणून कागदोपत्री या रंगाला मॅजेंटा म्हटलं गेलं. काळ्या पेटीवर एवढाच एक रंगीत ठिपका ही रिखार्ड झापर या रचनाकाराची दृष्टी.

कोथरूडची

मॅजेंटा म्हणजे आपला राणी कलर! अहो, मग ही टिकलीच झाली. काळ्यावर लाल, मधोमध, आणि झिजली की नवी लावायची. इतका वेळ दाणा, खुंटी, मणी करत बसलोय.

लष्करवासी

टिकली सपाट असते.

कोथरूडची

सगळ्या नसतात, खड्याची बघा. आणि निळी, हिरवीही मिळते, त्यामुळे डेल-तोशिबाचीही सोय झाली.

फ्लक्स

टिकलीला माझं मत. गिऱ्हाईकसुद्धा ‘वरची टिकली पडली’ म्हणतं, मराठी घरांतलं तरी. झाकणावर दाब पडला की पडद्यावर तिचा गोल डाग उठतो, त्यालाही आम्ही कुंकू म्हणतो.

काका, अजून एक शब्द लागेल. टिकली बराच वेळ एकसारखी रेटून धरली की यंत्र तो जोरच शून्य धरून बसतं. मग बोट काढलं की बाण आपला आपणच उलटीकडे चालू लागतो. लोक घाबरून अजून रेटतात. बोट उचलून दोन क्षण थांबलं की ठिकाणावर येतं. प्रदर्शनात मुलं हात लावणार, तेव्हा हे लिहायलाच हवं.

बडोदेकर

बाण ‘वाहवत जातो’ म्हणा. भरकटतो म्हटलं तर त्यात दिशा नसते, इथे एकच दिशा आहे.

रामबागकर

घेतलं. चिठ्ठ्या अशा लिहितो. पॉवरबुक: ‘गोटी (उताणा उंदीर). घोळवा.’ लॅटिट्यूड: ‘पाटी, आणि वर निळी टिकली. पाटीवर वल्हवा, टिकली रेटा.’ धूळ मी गाळली, फ्लक्सच्या भीतीनं. एक्स ६१: ‘लाल टिकली. घासू नका, रेटा. बाण वाहवत गेला तर बोट उचला.’

फक्त तिचीच टोपी गुळगुळीत झालीय, बोट निसटतं.

फ्लक्स

माझ्याकडे तीन लाल पडल्यात, पण दोन अलीकडच्या पातळ मशिनांच्या, बुटक्या. तुमच्या एक्स ६१ला उंच लागेल, ती एकच आहे. संध्याकाळी राजवाड्याकडे येणार असाल तर खिशात घालून आणतो.

कोथरूडची

पाकिटावर लावून आणा, हरवत नाही.