आइस हॉकीतला फॉरवर्ड: साताऱ्यातल्या १३ वर्षांच्या पोराने सुरुवात कुठून करायची?

कासपठारी
भाचा १३ वर्षांचा, सातारा शहरात राहतो. तीन वर्षं चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळतोय, चार चाकांचे जोड्या-जोड्यांनी असतात ते स्केट्स, आणि चेंडू. वजन ४५ किलो. आता आइस हॉकीचं खूळ शिरलंय आणि व्हायचंय फॉरवर्डच. व्यावसायिक फॉरवर्डचं करिअर वयाप्रमाणे कसं सरकतं? बर्फ नसलेल्या गावात तयारी काय होऊ शकते? आणि भारतात हे कुठवर जातं? 'खेळू द्या हो लेकराला' छाप सल्ले नकोत, आकडे सांगा.

माहुली_संगम
एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग, धरून सांगतो, बाकी लीगचं गणित तिच्याच भोवती फिरतं.

सोळाव्या वर्षाच्या आसपास कॅनडातला चांगला पोरगा मेजर ज्युनियरमध्ये जातो, म्हणजे तरुण खेळाडूंच्या तीन वरच्या लीगपैकी एकीत: ओएचएल, डब्ल्यूएचएल किंवा क्यूएमजेएचएल. अमेरिकेतली मुलं बहुतेक यूएसएचएल (तिथली ज्युनियर लीग) आणि मग कॉलेज. पूर्वी मेजर ज्युनियर खेळलं की अमेरिकन कॉलेजचं दार बंद व्हायचं, ऑगस्ट २०२५ पासून ते उघडलं. त्यानंतर ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणं: ३२ संघ, ७ फेऱ्या, आणि त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण हवेत. लोक इथेच फसतात. ड्राफ्ट झाला म्हणजे नोकरी लागली असं नाही, त्या पोराशी करार करायचा हक्क एका संघाकडे गेला, एवढंच.

पहिला करार १८ ते २१ वयात केला तर ३ वर्षांचा, २२-२३ व्या वर्षी २, चोविसाव्या वर्षी १. तो 'टू-वे' असतो: वर खेळलास तर एक पगार, खालच्या एएचएलमध्ये पाठवलं तर दुसरा, बराच कमी. एनएचएलचा किमान पगार २०२५-२६ च्या हंगामाला ७,७५,००० डॉलर होता. आपल्या मर्जीने संघ निवडायची मोकळीक साधारण २७ व्या वर्षी किंवा ७ हंगाम भरल्यावर मिळते. म्हणजे अंगात रग असते ती वर्षं दुसऱ्याच्या हातात.

आता फॉरवर्डचं काम. सामन्याला १२ फॉरवर्ड उतरतात, तीन-तीनच्या चार 'लाइन': एक सेंटर, दोन विंग. पहिली लाइन १८-२० मिनिटं बर्फावर, चौथी ८-१०. एकेक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, ४०-४५ सेकंदांची. पोरं ती ताणतात, मिनिटाच्या वर नेतात, आणि पाय संपले की मागे परतता येत नाही. दुसऱ्या पीरियडमध्ये (सामन्याच्या तीन भागांतल्या मधल्या) तर बाजू बदलल्यामुळे आपला बेंच आपल्या गोलपासून लांब पडतो. दमलेला फॉरवर्ड बचावात अडकला की बाहेर पडायला जागाच नसते. प्रशिक्षकाच्या डोळ्यात हीच गोष्ट आधी खुपते, गोल किती मारले ते नंतर.

गोल मोजायचे तर ओवेच्किन आहेच: २००४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला, ६ एप्रिल २०२५ ला ८९५ वा गोल, ग्रेट्झ्कीचा ८९४ चा विक्रम मोडला. पण भाच्याला मॅनी मल्होत्राचे सामने दाखवा. वडील भारतीय, १९९८ ला सातव्या क्रमांकावर निवड, ९९१ सामने आणि गोल फक्त ११६. साडेआठ सामन्यांत एक गोल! तरी टिकला, कारण फेस-ऑफ (खेळ सुरू करताना दोघांतली पकसाठीची, म्हणजे रबरी चकतीसाठीची झटापट) जिंकायचा आणि आपला गडी शिक्षेवर बाहेर असताना बचाव सांभाळायचा.

मिरज_जंक्शन
वरच्या प्रतिसादात एक भर. १८-१९ वर्षांच्या पोराने त्या हंगामात एनएचएलचे १० पेक्षा कमी सामने खेळले तर पहिल्या कराराचं वर्ष खर्ची पडत नाही, पुढे सरकतं. म्हणून नऊ सामन्यांनंतर पोरगं ज्युनियरला परत पाठवलं जातं ना, ते दरवेळी वाईट खेळला म्हणून नसतं. हिशोब असतो.

आणि ड्राफ्टच सगळं नव्हे. अर्शदीप बैन्सला कोणीच निवडलं नव्हतं. २०२१-२२ ला डब्ल्यूएचएलमध्ये सर्वाधिक गुण मिळवले, मग एनएचएलच्या व्हँकुव्हर संघाने करार केला. एनएचएलचा पहिला सामना फेब्रुवारी २०२४ ला, वय २३. मधला काळ व्हँकुव्हरच्याच एएचएलमधल्या संघात, अ‍ॅबट्सफर्डमध्ये. त्याच अ‍ॅबट्सफर्डने २०२५ चा काल्डर कप (एएचएलचं विजेतेपद) जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक कोण? मल्होत्रा.

हळदबाजार
करिअर राहू द्या, आधी पायातलं बघू. तुम्ही लिहिलंय ते वर्णन रोलर हॉकीचं आहे. जोडचाकी स्केट्स, चेंडू, वेगळी काठी. ते आणि आइस हॉकी ही सख्खी भावंडं नाहीत, चुलत म्हणा. त्याला इनलाइन हॉकीकडे वळवा, एका ओळीतली चाकं आणि पक. आपल्याकडे दोन्ही प्रकार स्केटिंग फेडरेशनच्याच स्पर्धांत असतात. इनलाइनमध्ये गोलकीपर सोडून ४ खेळाडू, ऑफसाइडची निळी रेषा नाही, अंगावर धडक देणं नाही. आइसवर ५ खेळाडू आणि हे सगळं आहे. त्यामुळे इनलाइनवाला फॉरवर्ड बर्फावर गेला की दोन चुका हमखास करतो: निळ्या रेषेच्या आत पकच्या आधी घुसतो, आणि थांबायच्या जागी मोठं वळण घेतो. चाकं जमीन धरून ठेवतात, ब्लेड आडवी घसरते. बर्फावर पहिले चार-पाच तास शॉट मारू देऊ नका, दोन्ही बाजूंना आडवं थांबणं एवढंच. उजवीकडे जमलं की पोरं डावी बाजू टाळतात.

साहित्य: आइस स्केट्स बुटापेक्षा १ ते १.५ नंबर लहान. 'वाढत्या अंगाचे' घेतले तर टाच आत हलते आणि धार कितीही असो, पकड मिळत नाही. ब्लेडच्या तळाशी धार लावताना जी गोल खाच पडते तिची त्रिज्या अर्ध्या इंचापासून सुरू करा, त्रिज्या कमी तेवढी धार खोल. हलक्या पोराला थोडी खोल धार सोयीची. काठी अनवाणी उभं राहून नाकापर्यंत, स्केट्स घालून हनुवटीपर्यंत. फ्लेक्स (काठीच्या ताठपणाचा आकडा) साधारण पौंडातल्या वजनाच्या निम्मा: ४५ किलो म्हणजे १०० पौंड, म्हणून ५०. मोठ्याची काठी कापून देऊ नका, कापली की ती आणखी ताठ होते आणि मनगटाचा शॉट उठतच नाही. हेल्मेटला पूर्ण जाळी हवीच.

चाकं: सिमेंटच्या कोर्टवर ८२ए च्या पुढची (हा कडकपणाचा आकडा, जास्त म्हणजे कडक), आतल्या गुळगुळीत फरशीवर ७६ए च्या आसपास. उलटं केलं तर मऊ चाकं सिमेंटवर खोडरबरासारखी झिजतात. पावसाळ्यात ओल्या कोर्टवर उतरूच नये, बेअरिंगला गंज चढतो.

पावसाच्या चार महिन्यांत घरी सराव: प्लायवर सनमायकाचा ८×४ फुटी गुळगुळीत शीट, त्यावर १७० ग्रॅमचा खरा पक. रोज १०० शॉट, त्यातले निम्मे उलट्या बाजूने. तोच शीट आडवा टाकून दोन टोकांना लाकडी पट्ट्या ठोका, बुटांवर लोकरी मोजे चढवा, की बाजूला ढकलायचा व्यायामही होतो.

कासपठारी
सनमायका चकचकीत घ्यायचा की मॅट? आणि तो रोज यवतेश्वर घाटात पळतो, हिल मॅरेथॉनवाल्यांच्या मागे. ते चालू ठेवू का?

हळदबाजार
चकचकीत. मॅटवर पक अडखळतो.

घाट आठवड्यातून एकदा बास. फॉरवर्डला २१ किलोमीटरचा दम लागत नाही, ४० सेकंद जीव खाऊन आणि मग बेंचवर. अजिंक्यताऱ्याच्या चढावर ४० सेकंदांचे ८ फेरे, मध्ये दोन-अडीच मिनिटं चालत उतरणं, आठवड्यातून दोनदा. शिवाय मांडीच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम. स्केटिंगच्या ढकलीत तेच ताणले जातात आणि फॉरवर्डची जांघ तिथेच धरते.

माहुली_संगम
भारताबद्दल थोडक्यात, कारण मुळात सांगण्यासारखं थोडंच आहे. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघात आपण १९८९ पासून आहोत. महिला संघाने २०२५ ला आशिया चषकात कांस्य मिळवलं. खेळाडू मुख्यतः लडाख आणि हिमाचलचे, आणि पोट भरतं ते लष्कर किंवा आयटीबीपीच्या नोकरीवर. निव्वळ आइस हॉकीच्या पगारावर जगायचं तर बाहेरच जावं लागेल. तेरा वर्षांपर्यंत बर्फ न पाहिलेल्या मुलासाठी एनएचएलचा हिशोब मांडू नका, राष्ट्रीय स्पर्धेचा मांडा.

बर्फ बघायचा तर डेहराडूनला बंदिस्त हिमाद्री रिंक आहे, तिथे पूर्ण आकाराचा पृष्ठभाग मिळतो, पण सरावाची वेळ आधी पक्की करून मगच तिकीट काढा. नैसर्गिक बर्फ लेहला डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, नाताळच्या सुट्टीत बसतो. त्या बर्फात धूळ-रेती असते, धार लवकर मरते, म्हणून हाताने धार लावायचा दगड सोबत न्या. उंची सुमारे ३,५०० मीटर. पोचल्यावर पहिले दोन दिवस स्केट्स बॅगेतच राहू द्या, नुसतं चाला आणि पाणी प्या.