टीव्ही स्पर्धांनी ब्रिटिश पॉप गायक घडवले की वापरून घेतले?

रानपाखरू:
ब्रिटनमधल्या 'द एक्स फॅक्टर' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेने (आयटीव्ही वाहिनी, २००४ ते २०१८) गायकांचं नुकसानच जास्त केलं, असं माझं ठाम मत आहे. डिसेंबरात अंतिम फेरी, लगोलग विजेत्याचं गाणं बाजारात आणि नाताळच्या आठवड्यात ते विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर. २००५ पासून सलग चार वर्षं हेच घडलं. गाणं आधीच ठरलेलं असायचं. अंतिम फेरीतले सगळे तेच रेकॉर्ड करून ठेवत आणि जिंकेल त्याचं बाहेर येई. यात गायकाचा स्वतःचा सूर कुठे आला? पहिला विजेता स्टीव्ह ब्रुकस्टीन. २००५ मध्ये त्याचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच वर्षी रेकॉर्ड कंपनीने त्याला सोडलं. शेवटी श्रोतेही कंटाळले. २००९ च्या नाताळात लोकांनी फेसबुकवर मोहीम चालवून 'रेज अगेन्स्ट द मशीन' या अमेरिकन रॉक गटाचं सतरा वर्षं जुनं गाणं वर नेलं आणि त्या वर्षीचा विजेता दुसरा राहिला.

कोथरूडचा_श्रोता:
अजिबात पटलं नाही. लिओना लुईस २००६ ची विजेती. तिचं 'ब्लीडिंग लव्ह' ब्रिटनमध्ये सात आठवडे आणि २००८ मध्ये अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर होतं. 'गर्ल्स अलाउड' तर २००२ मध्ये टीव्हीवरच जुळवलेला गट. त्यांची सलग वीस गाणी पहिल्या दहात गेली. 'एक्स फॅक्टर'मध्येच जुळलेल्या 'लिटल मिक्स' या मुलींच्या गटाने २०२१ मध्ये ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारात सर्वोत्तम ब्रिटिश गटाचा मान मिळवला, महिलांच्या गटाला तो पहिल्यांदाच मिळाला. ओळखपाळख नसलेल्या मुलींना एवढं मोठं दार दुसरीकडे कुठे उघडलं असतं?

मंजिरी_लंडन:
दार उघडलं, पण आत गेल्यावर त्यांची काळजी कोण घेत होतं? 'वन डायरेक्शन' या गटातली मुलं २०१० मध्ये 'एक्स फॅक्टर'मध्ये एकेकटी आली होती, परीक्षकांनी त्यांचा गट केला. ती तिसरी आली आणि २०११ ते २०१५ दरवर्षी एक अल्बम, वर जगभरचे दौरे. त्यांच्यातला लियम पेन स्पर्धेच्या वेळी जेमतेम सतरा वर्षांचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्यूनॉस आयर्समध्ये तो गेला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. त्याच स्पर्धेत दुसरी आलेली रिबेका फर्ग्युसन संगीत व्यवसायावर नियंत्रण हवं म्हणून लढते आहे. तिचं ऐका.

कोथरूडचा_श्रोता:
लियमच्या मृत्यूचं मलाही फार वाईट वाटलं, पण त्याचं खापर एका कार्यक्रमावर फोडू नका. त्याच गटातल्या हॅरी स्टाइल्सने २०२३ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी घेतलं.

मंजिरी_लंडन:
एकाला ग्रॅमी मिळालं म्हणून बाकीच्यांची जबाबदारी संपत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला करारावर सही करायला लावताना त्याच्या बाजूचा स्वतंत्र वकील आणि समुपदेशक हवाच.

जुनी_रेकॉर्ड:
गायिका सिला ब्लॅकने धरलेली वाट बघा. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात कोट सांभाळणारी मुलगी, १९६४ मध्ये दोन गाणी पहिल्या क्रमांकावर, मग बीबीसीवर स्वतःचा कार्यक्रम आणि १९८५ पासून अठरा वर्षं 'ब्लाइंड डेट' हा जोड्या जुळवण्याचा टीव्ही कार्यक्रम. नाव गाण्यावर झालं, टीव्ही नंतर आला. म्हणून तिथे तिचं वजन होतं.

रानपाखरू:
नेमकं हेच. आणि लिओनाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. नाताळचं गाणं घाईत आलं, पण अल्बमला जवळपास वर्ष दिलं गेलं. ते वर्ष प्रत्येक विजेत्याच्या करारात लिहून द्यायला हवं होतं.