सामान लादलेली सायकल आणि घाटाचा दिवस : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, तंबू-स्टोव्ह सायकलवर लादून फिरणारे आपल्यात बरेच आहेत, तर चढाचा सगळ्यात अवघड दिवस कोणता गेला ते इथे लिहा. कुठला घाट, किती वजन, पाणी कुठे भरलंत, झोपलात कुठे, सगळं येऊ द्या, नव्याने निघणाऱ्याला तेच लागतं. सुरुवात मी करतो.

माझा आंबेनळी. पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण ४० किमी आणि वर १३७० मीटरपर्यंत चढायचं. फेब्रुवारी होता, सामान १९ किलो, आणि सगळंच्या सगळं मागच्या कॅरियरवर. चुकलं ते तिथेच. वेग ताशी पाच-सहावर आला की पुढचं चाक हलकं पडून हँडल डुलायला लागतं, त्यात मागून एसटी आली की छातीत धस्स व्हायचं. दुपारी मांड्यांत असे गोळे आले की उतरल्यावर पाय सरळ होईना. शेवटी कुंभरोशीतच थांबलो, पुढचा चढ तसाच बाकी. एका घरी विचारलं, मावशी, अंगणात तंबू लावू का? तर म्हणाल्या, "तंबू कशाला रे, पडवी आहे की. आधी पायावर गरम पाणी घे." त्या पाण्याने पाय सुटले, ते अजून आठवतं. सकाळी तंबू मागच्या कॅरियरवरून काढून पुढे हँडलला बांधला आणि चाक जागेवर राहिलं.

*

आमचा गाटा लूप्स, मनाली-लेह रस्त्यावरचा. सरचूच्या पुढे २१ वळणं आहेत, ४२०० मीटरच्या आसपास सुरू होतात. चढ तसा अंगावर येणारा नाही, आपला ताम्हिणी जास्त तीव्र आहे, पण तिथे हवाच विरळ, त्यामुळे शंभर पेडल मारायचे, सायकल टेकवायची, श्वास जागेवर आला की पुन्हा शंभर, असं आम्ही दोघं चाललो होतो. वाटेत एका ट्रक क्लीनरची आठवण म्हणून लोक पाण्याच्या बाटल्या ठेवतात, तिथे मित्राने आपल्यातलं पाणी ठेवलं. आमच्याकडे दोघांत जेमतेम दीड लिटर उरलं होतं तरी मी काही बोललो नाही.

चौदाव्या वळणावर तो गप्प झाला. राजगिऱ्याचा लाडू दिला तर नको म्हणाला, डोकं ठणकतंय, मळमळतंय. वर 'नकी ला' ही खिंड ४७३९ मीटरवर, त्याच्या पुढे व्हिस्की नाल्यापाशी मुक्कामाचा बेत होता, म्हणजे झोपायचं अजून उंचावर. विरळ हवेत डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही हे आम्ही घरून ठरवून निघालो होतो, पण घाम गाळून चढलेली चौदा वळणं परत उतरायची म्हटल्यावर पोटात कालवलं हो. मी पाच मिनिटं नुसता खालचा रस्ता बघत बसलो. मग उतरलो. अर्ध्या दिवसाची कमाई पंधरा-वीस मिनिटांत गेली. खाली ओढ्याजवळ तंबू ठोकला, खिचडी लावली तर डाळ शिजेचना, त्या उंचीला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. शेवटी सातूचं पीठ गूळ घालून खाल्लं. एक रात्र आणि एक अख्खा दिवस काढला, त्याचं डोकं पूर्ण उतरल्यावर मग पहिल्या वळणापासून पुन्हा. या वेळी पाच लिटर पाणी घेऊन. आज कुणी विचारलं तर मी तोच उतार आधी सांगतो.

*

वरचं वाचून राहवलं नाही. नवीन लोकांनी गिअर नक्की बघा. पुढची लहान चकती २२ किंवा २४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी ३४ दातांची असेल तरच लादलेली सायकल गुडघ्याला त्रास न देता चढते. माझे गुडघे एका पसरणी घाटाने तीन महिने धरले होते, मागे २८ घेऊन गेलो होतो.

*

आम्ही म्हापशाहून आंबोलीला, जुलैत. दाणोली सोडली की घाट, वर आंबोली ६९० मीटर. घाट जमला, पाऊस नाही जमला. पॅनियरवर, म्हणजे कॅरियरच्या बाजूला अडकवायच्या पिशव्यांवर, कव्हर होतं पण पाणी खालून शिरलं आणि स्लीपिंग बॅग पिळावी लागली, रात्र एका टपरीच्या फळीवर बसून काढली. तेव्हापासून बॅग आधी खताच्या गोणीत, तोंड गच्च बांधून, मगच पॅनियरमध्ये.

*

मी मँचेस्टरला असते, माहेर सांगली. इथल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हार्डनॉट पास म्हणून घाट आहे. उंची अवघी ३९३ मीटर, म्हणून मी हलक्यात घेतला. पायथ्याशी ३० टक्के चढाची पाटी आहे, त्या पाटीवर विश्वास ठेवा! १६ किलो सामान होतं, पुढचं चाक उचललं जायला लागलं तशी उतरले आणि ढकलायला लागले, तर बुटाचं क्लीट, म्हणजे पेडलला अडकणारा तळाचा तुकडा, डांबरावर घसरतंय. शेवटी बूट काढले, मोजे काढले, अनवाणी ढकलली. दहा पावलं, दोन्ही ब्रेक आवळून थांबा, परत दहा. अर्ध्यावर रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत तिथे बसून थोडं रडू आलं, खरंच सांगते. मग आईने पाठवलेलं भडंग उघडलं, मूठभर खाल्लं, आणि वारा इतका की उरलेलं पाकीट गवतात उडालं. ते आणायला अनवाणीच धावले.