मदत हवी आहे: शनिवारी रायगड, लेकीचा इतिहासाचा प्रकल्प. काय दाखवू?

नस्ती_उठाठेव:
लेक चौथीत. बाईंनी सांगितलंय, गड बघा आणि धड्याशी जोडून पाच पानं लिहा. सोमवारी द्यायचंय. नुसती माहिती नको, ती नेटवर ढिगाने आहे. तिला तिथे नेमकं काय दाखवू? प्लीज लवकर सांगा.

शंकासुर:
निघताय कुठून? मुक्काम आहे का? पायऱ्या की रोपवे? काहीच लिहिलेलं नाही.

गडवेडा:
माझं ऐका, आधी राजगड दाखवा. राज्याभिषेकाआधी पंचवीसेक वर्षं कारभार तिथून चालला. तो न बघता रायगड म्हणजे गोष्ट मधूनच सुरू केल्यासारखी.

नस्ती_उठाठेव:
राजगड विचारलेलाच नाही हो! पुण्याहून एका दिवसात जाऊन येणार, चौघं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे रोपवे.

शंकासुर:
आई बरोबर आहे हे आधी सांगायचं ना.

गडवेडा:
रोपवे सोडतो मेणा दरवाजाशी. महादरवाजा हुकला! दोन बुरुजांच्या आड असा दडवलाय की वळण घेईपर्यंत दिसतच नाही. गड कसा लढायचा हे तिथे कळतं. पुस्तकात नाही कळत.

चहाबाज:
ताम्हिणीतून जाणार असाल तर वाटेत नाश्ता करून घ्या. पुढे बरं काही मिळेलच असं नाही.

आत्याबाई:
गडवेडा, आजींना उचलून नेणार का तुम्ही? वर सगळे रोपवेने जा. उतरताना बापलेक पायऱ्यांनी या, महादरवाजा वाटेतच लागतो. आजी रोपवेने खाली. पण मूळ अडचण काय आहे तेच मला कळलेलं नाही.

नस्ती_उठाठेव:
खरं सांगतो. मागल्या दिवाळीत जाऊन आलोय. पुस्तकातल्या चित्रासारखा दरबार दिसेल असं तिला वाटलेलं. "सिंहासन कुठंय? छप्पर कुठंय?" करत रडकुंडीला आली. वहीत दोनच ओळी लिहिल्या: गडावर खूप दगड आहेत. ताक छान मिळतं. बाईंनी लाल शेरा मारला.

चौथी_ब_च्या_बाई:
ताकाचं वाक्य राहू द्या, खरं आहे ते.

मी दरवर्षी वर्ग नेते. छप्पर कुठंय, हाच तिचा प्रकल्प करा. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या, आग लागली, लाकडी इमले जळाले. उरली ती दगडी जोती. एका जोत्यावर बसवा, खांब उभा करायचे दगड हुडकायला लावा आणि वरचं घर तिलाच काढू द्या.

मग नगारखाना. तिला सिंहासनाच्या चौथऱ्याशी उभं करा, तुम्ही नगारखान्याच्या दारात. मधे दोनशे फुटांहून जास्त अंतर आहे. तिने हळू बोलायचं, तुम्ही ऐकायचं. गर्दीत जमत नाही, सकाळी लवकर गाठा.

जगदीश्वराच्या देवळाचा संस्कृत शिलालेख चुकवू नका. त्यात साल अक्षरांत आहे: षण्, नव, बाण, भूमि. सहा, नऊ, पाच (मदनाचे बाण पाच), एक. उलटीकडून वाचायचं, म्हणजे शके १५९६. त्यात ७८ मिळवा आणि पुस्तकातलं साल येतं का ते तिलाच बघू द्या. पोरं उड्या मारतात तिथे. शिवाय पायरीवर "सेवेचे ठायी तत्पर" म्हणणारा, गड बांधणारा हिरोजी आहेच.

आत्याबाई:
पायथ्याला पाचाडही करा. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि जिजाऊ गेल्या १७ जूनला, तिथेच. आजी बरोबर असताना हे वेगळं पोचतं.

शंकासुर:
आणि हिरकणी इतिहास म्हणून लिहू देऊ नका. समकालीन कागद दाखवा, मग बोलू.

गडवेडा:
बुरूज समोर उभा आहे, आणखी काय कागद हवा?

शंकासुर:
बुरूज बुरुजाचा पुरावा आहे, गवळणीचा नाही.

चौथी_ब_च्या_बाई:
"लोक अशी गोष्ट सांगतात" एवढं लिहिलं की झालं. आणि वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्याचा विषय इथे कुणीही काढू नये, हात जोडते.

कॅमेरावाला:
ड्रोन नेऊ नका, परवानगी लागते.

नस्ती_उठाठेव:
ड्रोन नाहीये आमच्याकडे. बाई, खूप आभार.

नस्ती_उठाठेव (रविवार रात्र):
जाऊन आलो. साडेतीन पानं झाली. नगारखान्यात उभा राहिलो तर तिकडून आलं, "बाबा, भूक लागली." स्पष्ट ऐकू आलं. १५९६ चं गणित तिने खाली आल्यावर आजीला शिकवलं. उतरताना पायऱ्या मोजत होती, ४१२ ला माकड आडवं आलं आणि मोजणी गेली. उरलेल्या दीड पानात काय लिहू?

शंकासुर:
माकड.

गडवेडा:
आता राजगड कधी?